आत्याला सांगा, ही गोळी बंद करायची नाही

पुण्यातल्या धायरीहून एका आईचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं त्यांनी लिहिलं आहे. पत्र लांब आहे, त्यातला गाभा देते.

‘माझी मुलगी सात महिन्यांची आहे. जन्मली तेव्हा लघवीची जागा वेगळी दिसली म्हणून डॉक्टरांनी क्रोमोसोमची तपासणी पाठवली. रिपोर्ट यायच्या आतच, दोन आठवड्यांची असताना, तिला उलट्या सुरू झाल्या. दूध ओढेना, अंग गार पडलं. ॲडमिट केलं तेव्हा सोडियम खूप कमी आणि पोटॅशियम खूप वाढलेलं होतं. सीएएच (कंजेनायटल ॲड्रिनल हायपरप्लेशिया) हा जन्मजात आजार आहे, एकवीस-हायड्रॉक्सिलेज नावाचं एन्झाइम नीट बनत नाही, असं सांगितलं. तेव्हापासून दिवसातून तीनदा हायड्रोकॉर्टिसोन, एकदा फ्लुड्रोकॉर्टिसोन आणि दुधातून मीठ चालू आहे. आता ती छान आहे, हसते, पालथी पडते. माझ्या सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्याच. ती म्हणते, एवढ्याशा जिवाला स्टेरॉइड कशाला, आता बरी आहे तर बंद करू, चांगलं तूप घालू, अंगात ताकद आली की एन्झाइम आपोआप वाढेल. मी गरोदर असताना ग्रहणात ऑफिसला गेले म्हणून हे झालं, असंही तिच्या मनात आहे. मालिशवाल्या बाईंनी सोसायटीत नको ते सांगितलंय. पुढच्या महिन्यात माझी रजा संपते, मग मुलगी दिवसभर आत्याजवळच असेल. हे एन्झाइम म्हणजे नेमकं काय, ते मला कुणी समजावून सांगेल का? खाण्यातून वाढतं का? आणि दुसरं मूल होऊ द्यावं का?’

ताई, आधी एक काम करा. आजची संध्याकाळची गोळी वेळेवर द्या, मग पुढचं वाचा. मुलगी बरी दिसते ती या गोळ्या पोटात जातात म्हणून. त्या थांबल्या तर दोन आठवड्यांची असताना जे झालं ते पुन्हा होईल, आणि तेव्हा दवाखान्यात पोचायला किती वेळ मिळेल हे कुणी सांगू शकत नाही.

आता तुमचा प्रश्न. मी अनेक वर्षं वैद्यकीय विद्यार्थ्यांना बायोकेमिस्ट्री शिकवली आहे आणि हा माझा सगळ्यात आवडीचा धडा होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते. गोळी का द्यायची हे एकदा समजलं की घरात कुणी काही म्हटलं तरी तुमचा हात डगमगणार नाही.

एन्झाइम म्हणजे शरीरातली एखादी रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या वर एकेक छोटी ॲड्रिनल ग्रंथी असते. तिच्या बाहेरच्या थरात तीन प्रकारची संप्रेरकं तयार होतात: ताणाच्या वेळी शरीर सांभाळणारं कॉर्टिसोल, शरीरातलं मीठ राखणारं अल्डोस्टेरॉन, आणि थोड्या प्रमाणात पुरुषी गुणांची संप्रेरकं, जी स्त्रियांच्या शरीरातही असतात. तिघांचा कच्चा माल एकच, कोलेस्टेरॉल. हो, तेच, ज्याच्या नावानं आपण रोज घाबरतो. त्याच्या रेणूत 27 कार्बन असतात. स्टार नावाचं एक प्रथिन ते पेशीतल्या मायटोकाँड्रियाच्या आत पोचवतं. तिथे पहिलं एन्झाइम त्याची सहा कार्बनांची शेपटी तोडतं, आणि उरतं 21 कार्बनांचं प्रेग्नेनोलोन. तिथून पुढे एकापाठोपाठ एक एन्झाइमं त्या रेणूवर काम करतात. कुणी एका ठिकाणी ऑक्सिजन बसवतं, कुणी हायड्रोजन काढून घेतं, कुणी दोन कार्बन तोडून 19 कार्बनांचं पुरुषी संप्रेरक बनवतं. अंडाशयात तर अरोमाटेज नावाचं एन्झाइम आणखी एक कार्बन काढतं, आणि पुरुषी संप्रेरकापासूनच 18 कार्बनांचं इस्ट्रोजेन तयार होतं. स्त्री आणि पुरुष यांची संप्रेरकं इतक्या जवळची नातलग आहेत, हे वर्गात सांगताना मला दर वर्षी नव्यानं आश्चर्य वाटायचं.

या साखळीतल्या प्रत्येक एन्झाइमचं काम ठरलेलं असतं. तुमच्या मुलीत कमी पडलेलं 21-हायड्रॉक्सिलेज रेणूच्या एकविसाव्या कार्बनवर ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी बसवतं. एवढंच. पण ते कसं करतं ते पाहा. या एन्झाइमच्या पोटात लोखंडाचा एक अणू असतो, आपल्या हिमोग्लोबिनमध्ये असतो तसाच, हीम नावाच्या चौकटीत बसवलेला. तो लोखंडाचा अणू श्वासातून आलेला ऑक्सिजन पकडतो. शेजारचं एक मदतनीस प्रथिन त्याला दोन इलेक्ट्रॉन आणून देतं, एका वेळी एक. मग ऑक्सिजनचे दोन अणू वेगळे होतात: एक संप्रेरकाच्या रेणूवर जाऊन बसतो, दुसऱ्याचं पाणी होतं. अशा एन्झाइमांच्या मोठ्या कुटुंबाला सायटोक्रोम पी-450 म्हणतात. कार्बन मोनॉक्साइड चिकटला की ती 450 नॅनोमीटरचा प्रकाश शोषतात, म्हणून हे नाव. या कुटुंबाचं शरीरात नेमकं काय काम असतं ते 1963 साली पहिल्यांदा सिद्ध झालं, आणि ते काम होतं हेच, एकविसाव्या कार्बनवर ऑक्सिजन बसवण्याचं. एस्टाब्रुक, कूपर आणि रोझेनथाल यांनी गुरांच्या ॲड्रिनल ग्रंथींवर काम करताना पाहिलं की कार्बन मोनॉक्साइडनं ही क्रिया थांबते आणि बरोबर त्या 450 नॅनोमीटरच्या उजेडात पुन्हा सुरू होते. तुमच्या मुलीच्या फाइलवर लिहिलेलं ते अवघड नाव विज्ञानात इतकं महत्त्वाचं आहे.

आता ते एन्झाइम नसेल तर काय होतं? कॉर्टिसोल आणि अल्डोस्टेरॉन, दोन्हींच्या वाटेवर ही पायरी येते, म्हणून दोन्ही अडतात. मेंदूच्या खाली पिट्युटरी ग्रंथी असते, ती रक्तातल्या कॉर्टिसोलवर लक्ष ठेवते. कॉर्टिसोल दिसत नाही म्हटल्यावर ती एसीटीएच हे संप्रेरक सोडून ॲड्रिनलला हुकूम देत राहते, आणखी बनव. समजा, खडकवासला धरणातून कालव्याला पाणी सोडलंय, पुढचा दरवाजा अडकलाय, आणि शेतातून फोनवर फोन येताहेत की पाणी पोचलं नाही, आणखी सोडा. मग दरवाजामागे पाणी तुंबतं आणि बाजूच्या चारीत घुसतं, जिथे एवढ्या पाण्याची गरजच नव्हती. इथे तुंबतं ते 17-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, तुमच्या रिपोर्टवर 17-ओएचपी लिहिलंय तेच. बाजूची चारी म्हणजे पुरुषी संप्रेरकांची वाट, तिला हे एन्झाइम लागतच नाही. आणि सततच्या हुकमानं ॲड्रिनल ग्रंथी आकारानं वाढते. सीएएच या नावातला शेवटचा एच, हायपरप्लेशिया, त्या वाढीचा.

तिच्या शरीरात दिसलेली प्रत्येक गोष्ट यातून उलगडते. अल्डोस्टेरॉन नाही म्हणून मूत्रपिंडं मीठ धरून ठेवत नव्हती. सोडियम लघवीवाटे गेलं, पोटॅशियम साठलं. कॉर्टिसोल नाही म्हणून रक्तदाब आणि साखर सांभाळायला कुणी नव्हतं. आणि पुरुषी संप्रेरकं पोटात असतानाच जास्त बनली म्हणून बाहेरच्या अवयवांची ठेवण बदलली.

या शेवटच्या गोष्टीबद्दल स्पष्ट सांगते, कारण मालिशवाल्या बाईंच्या बोलण्यानं तुम्ही दुखावला आहात. तुमची मुलगी मुलगी आहे. गुणसूत्रं मुलीची, आत गर्भाशय आणि अंडाशय नेहमीसारखे. पुरुषी संप्रेरकांचा परिणाम फक्त बाहेरच्या भागावर झाला. उपचार नीट चालू राहिले तर वयात आल्यावर पाळी येते, पुढे मूल होणंही शक्य असतं. आंघोळ आणि मालिश काही दिवस तुम्ही किंवा आत्या करा. सोसायटीत कुणाला काही समजावून सांगायला तुम्ही बांधील नाही. ‘बाळाला मीठ कमी पडायचं, औषध चालू आहे’ हे खरंच आहे आणि तेवढं पुरे. शस्त्रक्रियेबद्दल कुणी घाई केली तर थांबा. लघवीला अडथळा किंवा वारंवार संसर्ग नसेल तर त्यात तातडीचं काही नसतं. मुलगी मोठी झाल्यावर तिचं स्वतःचं म्हणणं ऐकून ठरवावं, असं मानणारे डॉक्टर आणि या आजारातून गेलेल्या स्त्रिया आज पुष्कळ आहेत. मला त्यांचं म्हणणं पटतं.

आता आत्याचं तूप. प्रेमानं घालत असतील तर मुलगी वरचं खायला लागल्यावर वरणभातावर जरूर घालू द्या, पण त्यानं एन्झाइम वाढणार नाही. कच्चा माल कमी पडलेला नाही, कोलेस्टेरॉल तिच्या ॲड्रिनलमध्ये भरपूर आहे, अडलंय पुढे. मेडिकलमध्ये एन्झाइमची सिरपं मिळतात ती पचनाची, त्यांचं काम जठर-आतड्यात. 21-हायड्रॉक्सिलेज ॲड्रिनलच्या पेशीच्या आत, पडद्यात रुतून बसलेलं असतं, आणि ते प्रथिन आहे. तोंडावाटे घेतलं तरी डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जाईल. वयाबरोबरही ते वाढत नाही.

म्हणून डॉक्टरांनी एन्झाइमचा नाद सोडून त्याच्या कामाचं फळच मुलीला द्यायला सुरुवात केली. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे कॉर्टिसोलच. अणूला अणू तोच रेणू. आत्याला हे जरूर सांगा. जिममधली मुलं घेतात ती स्टेरॉइडं वेगळी, दम्यात किंवा सांधेदुखीत मोठ्या डोसात देतात तो प्रकार वेगळा. इथे शरीरानं रोज स्वतः बनवायला हवं होतं तेवढंच, वाढत्या मुलांना साधारणपणे शरीराच्या एका चौरस मीटरला दिवसाला 10 ते 15 मिलिग्रॅम, असं मोजून दिलं जातं. फ्लुड्रोकॉर्टिसोन मात्र हुबेहूब अल्डोस्टेरॉन नाही. अल्डोस्टेरॉन तोंडावाटे टिकत नाही, म्हणून त्याच कामाचा, एक फ्लोरिनचा अणू जोडलेला हा रेणू वापरतात.

दिवसातून तीनदा का, याचंही उत्तर ऐका. शरीर कॉर्टिसोल साठवून ठेवत नाही, लागेल तसं बनवतं, आणि रक्तात आलेलं तास-दीड तासात निम्मं होतं. तुमच्या-माझ्या अंगात हुकूम आला की काही मिनिटांत नवं बनतं. तिच्या अंगात कोठार नाही आणि कारखानाही बंद आहे. एक डोस चुकला की तेवढे तास ती रिकामी असते. तीनही वेळांचे गजर आत्याच्या फोनवर लावून ठेवा.

डोस जास्त झाला तर तोटा होतो का? होतो, आणि ही आत्याची काळजी अगदी खोटी नाही. जास्त झाला तर उंची खुंटते, वजन वाढतं. कमी झाला तर पुरुषी संप्रेरकं वाढतात, हाडं वयाच्या आधी पक्व होतात, मूल आधी भराभर वाढतं आणि शेवटी बुटकं राहतं. म्हणूनच दर काही महिन्यांनी उंची, वजन, रक्तदाब आणि रक्त तपासून डोस बदलतात. ती भेट चुकवू नका, आणि आजारपणासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली वाढ सोडली तर घरच्या घरी कमी-जास्त करू नका.

मिठाचंही सांगते. वर्षाच्या आत बाळाला मीठ देऊ नये, हे तुम्हाला दहा जण ऐकवतील, आणि बाकी बाळांसाठी ते बरोबरच आहे. तुमच्या मुलीला ते औषध म्हणून दिलेलं आहे. आईच्या दुधातून तिला लागतं तेवढं सोडियम मिळत नाही. डॉक्टरांनी मोजून दिलेलं मीठ दिवसभराच्या दुधात विभागून द्या. एप्रिल-मेच्या उन्हात घाम खूप येतो, तेव्हा प्रमाण बदलायचं का हे त्यांना आधीच विचारून ठेवा.

ज्या गोष्टीवर तिचा जीव अवलंबून आहे ती आता. निरोगी शरीर तापात कॉर्टिसोल कितीतरी पटींनी वाढवतं. तिचं वाढवू शकत नाही, ते तुम्हाला वाढवावं लागतं. ताप आला की हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट किंवा तिप्पट, किती आणि किती दिवस ते डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. फ्लुड्रोकॉर्टिसोन तेवढंच राहतं. गोळी दिल्यावर अर्ध्या तासात उलटली तर पुन्हा द्या. तीही उलटली, किंवा मूल सुस्त पडलं, दूध घेईना, तर मांडीत हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन द्या आणि मग निघा. सिंहगड रस्त्याच्या गर्दीत गाडी अडकली तर आधी दिलेलं इंजेक्शन तिला तारेल. द्यावं की नाही अशी शंका आली तर द्या. एखादं इंजेक्शन जास्त गेल्यानं अपाय होत नाही, राहिल्यानं होतो. दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य: ‘हिला ॲड्रिनलचं कॉर्टिसोल बनत नाही, हायड्रोकॉर्टिसोन आणि सलाइन ताबडतोब लागेल.’ सोबत डॉक्टरांचं पत्र, आणि ते तुमच्या फोनमध्येही.

लसी सगळ्या वेळेवर द्या, नवव्या महिन्याची गोवराचीही. या डोसात त्यांना आडकाठी नसते. लसीनंतर ताप आला तर वरचाच नियम. पुढे कधी तिला रिफाम्पिसिन हे क्षयाचं औषध द्यायची वेळ आली तर तिच्या हार्मोनतज्ज्ञांना आधी कळवा, कारण त्यानं हायड्रोकॉर्टिसोन शरीरात फार लवकर संपतं. आणि या गोळ्या प्रत्येक मेडिकलमध्ये नसतात, म्हणून निदान महिनाभराच्या गोळ्या घरात जास्तीच्या असू द्या. दिवाळीला गावी जाताना पिशवीत गोळ्या, इंजेक्शन, सुई आणि पत्र पहिल्यांदा भरा.

ग्रहण. ताई, यात तुमचा काडीचाही दोष नाही. या एन्झाइमचं जनुक सहाव्या गुणसूत्रावर आहे, आणि त्याच्या शेजारी त्याच्याशी सुमारे 98 टक्के जुळणारं पण काम न करणारं दुसरं जनुक आहे. बीज तयार होताना गुणसूत्रं आपापसात तुकडे बदलतात, तेव्हा कधी त्या निकामी जनुकातला भाग कामाच्या जनुकात येतो. बहुतेक बिघाड असेच, कित्येक पिढ्यांपूर्वी कुठेतरी झालेले असतात आणि गुपचूप पुढे जात राहतात. आई-वडील दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आली तरच मूल आजारी पडतं. एकच आली तर माणूस ठणठणीत, त्याला पत्ताही नसतो. तुम्ही आणि तुमचे यजमान आतेभाऊ-मामेबहीण, म्हणजे तुमच्या वडिलांचे आणि आत्याचे आई-वडील एकच. बहुधा त्या आजी-आजोबांपैकी एकाकडची प्रत दोन वाटांनी मुलीपर्यंत पोचली, एक तुमच्या वडिलांकडून, एक आत्याकडून. नात्यात लग्न झालं की अशी गाठ पडण्याची शक्यता वाढते. हे आत्याला सांगायचं असेल तर दोष म्हणून अजिबात सांगू नका. त्यांनाही ते जन्मतःच मिळालं आहे.

दुसऱ्या मुलाबद्दल. तुम्ही दोघंही वाहक, म्हणजे एकच बिघडलेली प्रत बाळगणारे, असाल तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता मूल आजारी असण्याची, दोन शक्यता तुमच्यासारखं वाहक असण्याची, एक पूर्ण मोकळं असण्याची. पहिलं मूल आजारी झालं म्हणून पुढचं सुटतं असं नाही. आधी मुलीची आणि तुम्हा दोघांची जनुकीय तपासणी करून घ्या, पण हे जनुक आणि त्याचा निकामी शेजारी वेगळे ओळखणाऱ्या प्रयोगशाळेतच, नाहीतर रिपोर्ट चुकतो. ते हाती असेल तर गरोदरपणात, तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमारास, वारेच्या पेशी तपासून निदान होऊ शकतं. पोटातल्या बाळासाठी म्हणून डेक्सामेथासोन घ्या असं कुणी सुचवलं तर संशोधनाच्या चौकटीबाहेर घेऊ नका. मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते अजून प्रायोगिक आहे. काहीच केलं नाही तरी किमान बाळाच्या टाचेच्या रक्तातून 17-ओएचपीची चाचणी पहिल्या काही दिवसांत मागून घ्या. मुलगा असेल तर विशेष, कारण मुलात बाहेरून सहसा काहीच वेगळं दिसत नाही.

1950 पर्यंत या आजाराला नेमका उपचार नव्हता. त्या वर्षी विल्किन्स आणि बार्टर यांनी अमेरिकेत कॉर्टिसोन देऊन दाखवलं की वाढलेली पुरुषी संप्रेरकं खाली येतात. त्याआधी मीठ गमावणारी बहुतेक बाळं काही आठवड्यांतच जात, आणि घरचे म्हणत, उलट्या-जुलाबांनी गेलं. आपल्या आजी-पणजींच्या तोंडून अशी किती बाळं ऐकली आहेत.

तुमची रजा संपायला महिना आहे. पुढच्या तपासणीला आत्याला बरोबर न्या. डॉक्टरांसमोर त्यांना सगळं विचारू द्या, स्टेरॉइडबद्दल मनात आहे ते सगळं बोलू द्या. आणि नर्सकडून इंजेक्शन द्यायला शिकवायचं असेल तर पहिल्यांदा त्यांना शिकवा, तुम्ही नंतर शिका. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मुलीजवळ त्याच असणार आहेत. ते जमलं की ऑफिसात पहिल्या दिवशी तुमचं लक्ष घड्याळाकडे जाईल, पण फोन करून विचाराल तेव्हा दुपारची गोळी दिल्याचं त्याच सांगतील.